दाताचं मूळ आतून मोडलंय, पोस्ट घालून दोन तुकडे जोडले तर टिकेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, माझी काही समजण्यात गफलत होत असेल तर लगेच सांगा. धाकटा भाऊ, वय १९, आठ महिन्यांपूर्वी कबड्डी खेळताना समोरच्याचं डोकं तोंडावर आदळलं, वरचा समोरचा मधला दात हलायला लागला आणि एक्स-रेत मुळाच्या साधारण मधोमध आडवी रेघ दिसली. तेव्हा महिनाभर बाहेरून वायर लावली होती. आता दात थोडा हलतो, शेजारच्यापेक्षा पिवळट दिसतो, पण दुखत नाही. एक डॉक्टर म्हणतात रूट कॅनल करून आत पोस्ट (मुळाच्या आत बसवायचा बारीक दांडा) घालू आणि दोन्ही तुकडे आतून जोडून टाकू, दुसरे म्हणतात काढा आणि इम्प्लांट लावा. तुम्हाला जाणून घ्यायचंय की पोस्ट मेटलचा बरा का फायबरचा, आणि तो घातला की दात पहिल्यासारखा मजबूत होईल ना.

मी बरीच वर्षं फक्त रूट कॅनल आणि मार लागलेल्या दातांचंच काम करतोय, त्यामुळे सरळ सांगतो, मेटल का फायबर हा प्रश्न इथे तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतो. त्याच्या आधीचे दोन म्हणजे, हा दात आतून जोडायची खरंच गरज आहे का, आणि जोडलाच तर चावताना येणारा जोर कुठून कुठे जाणार. पहिल्याचं उत्तर बऱ्याच वेळा "नाही" असं येतं आणि मग बाकी सगळी चर्चाच संपते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवर मी अडकलो, ती म्हणजे दात पिवळट झालाय. मार लागलेला दात करडा, काळसर पडला तर आतली नस मेल्याची शंका येते. पिवळा पडला तर बहुतेक वेळा उलटं असतं, नस जिवंत असते आणि ती आतून नवीन डेंटिन (दाताचा आतला कडक भाग) बनवत सुटते, कॅनल, म्हणजे मुळातली नसेची नळी, हळूहळू बुजत जातो आणि दात पिवळा दिसायला लागतो. मूळ आडवं मोडलेल्या दातांत हे फार वेळा दिसतं. असा दात थंडाला किंवा इलेक्ट्रिक टेस्टला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून कोणी घाईत "नस गेलीय" म्हणू शकतं. पण टेस्ट निगेटिव्ह आली एवढ्यावर नस मेली असं ठरवायचं नसतं, सोबत दुसरं काहीतरी लक्षण हवं. दुखणं, हिरडीवर पुळी, किंवा एक्स-रेत फ्रॅक्चरच्या रेघेच्या शेजारी हाड विरघळल्यासारखा काळा डाग. डाग टोकाला नाही हं, रेघेच्या शेजारी बघायचा, कारण या दातांत इन्फेक्शन सुरू होतं ते बहुतेक तिथूनच.

आडव्या फ्रॅक्चरचं एक चांगलं आहे जे पेशंटला कोणी नीट सांगत नाही. साधारण चारातल्या तीन केसमध्ये नस वाचते. आणि जिथे मरते तिथेही बहुतेक वेळा फक्त वरच्या, म्हणजे क्राउनच्या (तोंडात दिसणाऱ्या भागाच्या) बाजूच्या तुकड्यातली मरते, टोकाकडच्या तुकड्याला रक्तपुरवठा खालून चालूच असतो. (खालून म्हणजे टोकाकडून, वरच्या दातात ते टोक खरं तर नाकाच्या दिशेला असतं, पण आम्ही बोलताना असंच बोलतो.) म्हणून आज जगभर जे मार्गदर्शन मानतात, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजीचं २०२० चं, त्यात सांगितलंय की मार लागल्या दिवशी रूट कॅनल करायचं नाही, तुकडे जागेवर बसवून लवचिक वायरने चार आठवडे धरायचे, फ्रॅक्चर मानेजवळ (क्राउन आणि मूळ मिळतात तिथे) असेल तर चार महिन्यांपर्यंत, आणि पुढे नस मेलीच तर फक्त फ्रॅक्चरच्या रेघेपर्यंत रूट कॅनल करायचं. टोकाकडच्या तुकड्याला हात लावायचा नाही.

आता आतून पोस्ट घालून जोडणं म्हणजे काय करणं? वरच्या तुकड्यातली नस काढायची, मग टोकाकडच्या तुकड्यातली, बहुधा जिवंत असलेली नस पण काढायची, दोन्हीतून सलग जागा करायची आणि एक दांडा बसवायचा. म्हणजे एका तुकड्याची सोय लावायला दुसऱ्या तुकड्याचा जीव घ्यायचा. कधीकधी ते करावं लागतं, मी स्वतः करतो, पण त्याची ही किंमत आहे ती आधी माहीत असावी.

आणि हलतो म्हणून घाबरलात ना, तर आठ महिन्यांनी थोडं हलणं म्हणजे बरं झालं नाही असं नाही. आंद्रेआसेन आणि योर्टिंग-हान्सेन यांनी १९६७ मध्ये ही फ्रॅक्चर कशी भरून येतात त्याचे चार प्रकार मांडले, ते आजही तसेच वापरतात. एकात दोन तुकड्यांमध्ये कडक उती तयार होते, दुसऱ्यात मऊ तंतूंचा थर येतो, तिसऱ्यात मध्ये चक्क हाड वाढतं, आणि चौथ्यात इन्फेक्शनवाली मऊ उती भरते. शेवटचा सोडला तर बाकी तिन्ही "भरून आलं" यातच मोडतात. तंतूंनी भरलेला दात किंचित हलतो आणि तरीही वर्षानुवर्षं कामाला येतो. त्याला आतून काही घालायची गरज नसते.

एवढं झाल्यावर आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कारण समजा तपासणीत नस मेलेलीच निघाली, दोन्ही तुकड्यांतली, किंवा वरचा तुकडा इतका हलतोय की घास तोडता येत नाही, तर पोस्टचा विचार येतोच. तेव्हा जोर कसा वाहतो ते कळलं पाहिजे.

वरच्या मधल्या दाताचं क्राउन साधारण साडेदहा मिलिमीटर, मूळ तेरा मिलिमीटर. खालचे दात त्याला मागच्या बाजूने, तिरके, ओठाकडे ढकलतात. सरळ वर दाबणारा जोर दाताला फारसा त्रास देत नाही, हा तिरका जोर दाताला वाकवतो. वाकताना टाळूकडची बाजू ताणली जाते आणि ओठाकडची दाबली जाते, आणि डेंटिन दाब छान सहन करतं पण ताणाला कमजोर असतं. हा वाकवणारा मोमेंट (जोर गुणिले तरफेची लांबी) सगळीकडे सारखा नसतो. हाड जिथे सुरू होतं तिथे, म्हणजे मानेपासून जरा टोकाकडे, तो सगळ्यात जास्त असतो आणि टोकाकडे जाताना कमी कमी होत शून्यावर येतो, कारण मुळाभोवतीचं लिगामेंट (मूळ हाडाला धरून ठेवणारे तंतू) आणि हाड वाटेत तो जोर उचलत जातात. म्हणून टोकाजवळच्या तिसऱ्या भागातलं फ्रॅक्चर बहुतेक वेळा काहीही न करता चालतं, तिथे वाकवणारा जोर पोचतच नाही फारसा. आणि मानेजवळच्या फ्रॅक्चरमध्ये दुहेरी त्रास, मोमेंट जास्त आणि वर हिरडीच्या फटीतून जंतूंना रस्ता. तुमच्या भावाचं मध्ये आहे, म्हणजे अडनिडं.

आधाराचा हिशोब पण बघा. हाड मानेपासून टोकाकडे साधारण दोन मिलिमीटरवर सुरू होतं, म्हणजे सलग मुळाला अकरा एक मिलिमीटर हाडाचा आधार. मुळाच्या मधोमध मोडलं की वरच्या तुकड्याकडे उरतो साडेचार मिलिमीटर. बाहेरची तरफ मात्र तेवढीच लांब. म्हणून तो हलतो. आतल्या पोस्टचं खरं काम हे आहे की टोकाकडच्या तुकड्याचा साडेसहा मिलिमीटरचा आधार परत वरच्या तुकड्याच्या मदतीला आणायचा. दाताला मजबुती देणं हे त्याचं काम नाही आणि ते त्याला जमतही नाही, खाली आकडे देतो.

गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध हा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, गुणिले मटेरियलची ताठरता. मुळाची जाडी मधल्या भागात पाच मिलिमीटर धरा, पोस्ट १.२ मिलिमीटरचा. डेंटिनची ताठरता साधारण १८ ते २० गिगापास्कल, स्टीलची २०० च्या आसपास म्हणजे दहापट, टायटेनियमची ११०, ग्लास फायबर पोस्टची लांबीच्या दिशेने ब्रँडप्रमाणे कमीजास्त पण ४० च्या आसपास धरली तर दुप्पट. आता पाचचा चौथा घात ६२५, आणि १.२ चा जेमतेम २. म्हणजे स्टीलचा दांडा दहापट ताठ असूनही सलग मुळाच्या वाकण-विरोधाच्या फक्त तीन-साडेतीन टक्के देतो, आणि फायबरचा एका टक्क्यापेक्षा कमी. पहिल्यासारखा मजबूत होईल का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मेटल का फायबर यातला फरक म्हणजे तीन टक्के का पाऊण टक्का असा आहे.

ताणाचं पण तसंच. समजा फ्रॅक्चरच्या जागी १०० न्यूटन-मिलिमीटरचा मोमेंट आला, समजण्यापुरता आकडा धरतोय, प्रत्येकाचा चावा वेगळा. सलग मुळाच्या बाहेरच्या कडेला त्याने आठ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, जो डेंटिनला काहीच नाही. तोच मोमेंट एकट्या १.२ मिलिमीटरच्या दांड्याने उचलायचा झाला तर त्याच्या कडेला ५९० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे सत्तर पटीहून जास्त. चांगला फायबर पोस्ट साधारण ८०० ते १००० ला तुटतो, तर एकदा सहन करेल, पण रोज, दिवसाला शेकडो वेळा, ओल्या जागेत, तो थकणार.

मग या केस चालतात तरी कशा? कारण पोस्ट एकटा नसतो. दोन तुकडे जर एकमेकांना नीट टेकलेले असतील तर दात ओठाकडे वाकताना ओठाकडच्या कडा एकमेकांवर दाबल्या जातात आणि दाब त्या उचलतात, पोस्टवर उरते मुख्यतः ओढ. दांडा ओढीला वाकण्यापेक्षा खूप चांगला असतो. आणि कडेपासून पोस्टपर्यंतचं दोन-अडीच मिलिमीटर अंतर ही तरफ आपल्या बाजूने काम करते. पण मध्ये फट राहिली, मग ती अर्ध्या मिलिमीटरची का असेना, तर कडा टेकत नाहीत आणि सगळं वाकणं आणि सगळा कातर-जोर त्या एका बारीक दांड्यावर येतो. म्हणून माझ्या मते तुकडे किती जवळ बसलेत हे पोस्टच्या मटेरियलपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. आठ महिन्यांनी ही फट बंद करता येईलच असं नाही, कारण मध्ये उती किंवा हाड येऊन बसलेलं असतं. ताज्या मारात तुकडा बोटाने जागेवर ढकलता येतो, आता नाही.

पुढचा मुद्दा जोर शेवटी कुठे जातो याचा. मांडवाचा बांबू मोडला तर आत लोखंडी सळई घालून जोडतात ना, जोड टिकतो, पण पुढच्या वादळात बांबू फाटतो तो सळई जिथे संपली तिथे. मुळाचं अगदी तसंच होतं. दांडा टोकाकडच्या तुकड्यात बाजूंनी दाबतो, आणि हा दाब दांडा आत किती लांब गेलाय त्याच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. तोच १०० चा मोमेंट घ्या, पोस्ट टोकाकडच्या तुकड्यात तीन मिलिमीटर गेला असेल तर भिंतीवरचा सगळ्यात जास्त दाब साधारण ५५ मेगापास्कल, पाच मिलिमीटर गेला असेल तर २० च्या आसपास. दोनच मिलिमीटरने जवळजवळ पावणेतीन पट फरक. हा दाब मुळाला आतून बाहेर फाकवतो, आणि फाकवणं म्हणजे ताण, आणि ताणाला डेंटिन कमजोर. त्यातून जो तडा जातो तो उभा असतो. आडवं फ्रॅक्चर सांभाळता येतं, उभा तडा गेला की एका मुळाच्या दातात बहुतेक वेळा काढण्याशिवाय काही उरत नाही.

पण म्हणून दांडा हवा तेवढा लांब घाला असंही नाही. मूळ टोकाकडे निमुळतं होतं, शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये भिंती पातळ, आणि आतला सील (टोकाचं भोक बंद ठेवणारा भराव) पण राखायचा असतो. मोडलेल्या मुळात टोकाकडचा तुकडाच जर सहा-साडेसहा मिलिमीटरचा असेल तर पोस्टची लांबी आणि सीलची लांबी दोन्ही मनासारख्या मिळतच नाहीत. मग मी काही केसमध्ये शेवटी एमटीए किंवा बायोडेंटिनचा (दोन्ही मुळात भरायची खास सिमेंटं) छोटा बूच बसवतो आणि वर जेवढी मिळेल तेवढी लांबी पोस्टला देतो. जाडीचं पण तसंच, १.२ चा १.४ केला तर दांड्याची ताठरता पावणेदोन पटीच्या वर जाते, ऐकायला छान, पण ती जागा भिंतीतून खरवडून आलेली असते आणि फाटते ती भिंत. मी भिंत निवडतो. पोस्ट कॅनलला शोभेल असा, कॅनल पोस्टला शोभेल असा नाही.

आता मेटल-फायबर. पूर्वी कोबाल्ट-क्रोमियमच्या पिना घालायचे, काही जण स्टीलची फाइलच (कॅनल घासायची बारीक सुई) सिमेंटने बसवून वरून कापायचे. ताठ दांडा स्वतः कमी वाकतो पण जोर उचलून थेट आपल्या टोकाशी नेऊन सोडतो, म्हणजे नेमका पातळ भिंतीत. माझ्याकडे दुसऱ्या ठिकाणी बरीच वर्षं आधी जोडलेला एक दात आला होता, मेटलची पिन एकदम शाबूत, चकचकीत, आणि पिनेच्या टोकापासून तिरका निघालेला तडा थेट हाडाच्या कडेपर्यंत, तिथे प्रोब (हिरडीखालची खोली मोजायची बारीक सळई) घातला तर एकाच जागी दहा मिलिमीटर आत गेला, बाजूला मिलिमीटरभर सरकवला की तीन. तो अरुंद खोल खड्डा म्हणजे उभ्या तड्याची सही असते. फायबर पोस्ट डेंटिनच्या जवळपासच्या ताठरतेचा, जोर लांबीभर वाटत नेतो, आणि बिघडला तर बहुतेक वेळा पोस्ट सुटतो किंवा तुटतो, मूळ वाचतं. म्हणून माझी निवड फायबर. पण अट आहे, फायबरचं सगळं काम चिकटण्यावर चालतं, आणि मुळाच्या खोल अरुंद नळीत रेझिन (प्लास्टिकसारखं चिकटणारं सिमेंट) चिकटवणं हे सगळ्यात अवघड बाँडिंग आहे, आकुंचन पावताना त्याला सैल व्हायला मोकळी बाजूच नसते. त्यात फ्रॅक्चरच्या रेघेतून रक्त किंवा पाणी झिरपत असेल तर तिथलं बाँडिंग गेलंच समजा. अशा ओल्या केसमध्ये फायबरचा फायदा कागदावरच राहतो.

पेपर आणि यूट्यूबवर फायनाइट एलिमेंटची (कॉम्प्युटरवर दाताचे बारीक भाग करून ताण काढायची पद्धत) रंगीत चित्रं बघितली असतील, लाल म्हणजे जास्त ताण वगैरे. मला ती आवडतात, त्यातून दिशा कळते, पण त्यातला आकडा घेऊन निर्णय करू नका. बहुतेक मॉडेलमध्ये पोस्ट, सिमेंट आणि डेंटिन एकमेकांना शंभर टक्के चिकटलेले धरतात, डेंटिन सगळ्या दिशांना सारखं धरतात, जोर एकदाच आणि एकाच दिशेने देतात. मुळाभोवतीचं लिगामेंट तर साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचं, आणि त्याची ताठरता वेगवेगळ्या लोकांनी इतकी वेगवेगळी धरलीय की एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय वॉन मिझेस ताण (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एकच आकडा) मेटलसाठी ठीक, डेंटिनसारख्या ठिसूळ वस्तूला जास्तीत जास्त ओढीचा ताण कुठे येतो ते बघावं लागतं. चित्र बघायचंच असेल तर पोस्टच्या टोकाजवळ आणि फ्रॅक्चरच्या कडेला काय होतंय ते बघा, बाकीचं सोडा.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते थोडं सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल. मायक्रोस्कोपखाली वरच्या तुकड्यातला कॅनल साफ करत रेघेपाशी पोचलं की फाइलला तिथे पायरी लागते, कारण तुकडे थोडेसे सरकलेले असतात आणि दोन्हीची भोकं समोरासमोर नसतात. फाइलचं टोक किंचित वाकवून, फिरवत, ती पुढच्या भोकात सोडावी लागते. जबरदस्ती केली तर ती फटीतून बाहेर हाडात जाते. मग पेपर पॉइंट (कॅनल टिपायची कागदाची बारीक काडी) घालायचा आणि बाहेर काढून बघायचं, टोकाला लाल असेल तर वेगळं आणि मध्येच एका जागी लाल पट्टा असेल तर वेगळं. मधला पट्टा म्हणजे रेघेतून रक्त येतंय. तो दिसला की मी त्या दिवशी पोस्ट बसवत नाही, कॅल्शियम हायड्रॉक्साइड (तात्पुरतं औषध) भरतो आणि थांबतो, पुढच्या वेळी कोरडं मिळालं तरच पुढे. सिमेंट पण मोजूनच, जास्त भरलं तर ते रेघेतून बाहेर येऊन हाडात बसतं आणि ते परत काढता येत नाही. आणि पोस्ट बसेपर्यंत वरचा तुकडा शेजारच्या दातांना वायरने बांधलेला ठेवतो, नाहीतर सिमेंट बसताना तुकडा हलून वाकडाच जोडला जातो.

त्यानंतरचं काम माझ्या मते पोस्टइतकंच मोठं, चावा तपासणं. निळा कागद लावून दात चावायला लावायचे, खालचा जबडा पुढे सरकवायला लावायचा, आणि त्या वेळी बोट दाताच्या ओठाकडच्या बाजूला टेकवून ठेवायचं. दात ढकलला जाताना बोटाला ठोका जाणवतो. तो ठोका जाईपर्यंत थोडं थोडं घासायचं. वर जे ५९० आणि ५५ चे आकडे दिले ते सगळे मोमेंटच्या सरळ प्रमाणात आहेत, जोर निम्मा केला की सगळे निम्मे. कुठलाही महागडा पोस्ट एवढं देत नाही. भावाचा खालचा दात वरच्याच्या मागे खूप वर शिरत असेल, म्हणजे डीप बाइट असेल, किंवा रात्री दात खात असेल, तर हे आधी सांगा डॉक्टरांना, त्यावर बरंच अवलंबून आहे.

आतून जोडण्याला एक साधा पर्याय पण आहे, आणि जिवंत नसेच्या हलणाऱ्या दातात मी आधी तोच करतो. मागच्या बाजूने, टाळूकडून, बारीक गुंफलेली वायर शेजारच्या दातांना चिकटवून ठेवायची, दातांच्या तारा काढल्यावर रिटेनर लावतात तशीच. ती जोर शेजारच्या दातांत वाटते, आत काहीही खणावं लागत नाही, आणि नको झाली तर काढता येते. साफसफाई मात्र नीट ठेवावी लागते. फक्त नस मेलेली असेल आणि तीही वरच्याच तुकड्यात, तर रेघेपर्यंत रूट कॅनल, रेघेपाशी एमटीए, आणि मागून ही वायर, बस. टोकाकडचा तुकडा जिवंत राहू द्यायचा.

मग आतला पोस्ट मी कधी घालतो? दोन्ही तुकड्यांतली नस मेलेली, तुकडे एकमेकांना जवळ, रेघ हिरडीच्या फटीपासून लांब, टोकाकडच्या तुकड्यात पोस्टला चार-पाच मिलिमीटर तरी जागा, कॅनल सरळ आणि कोरडा होणारा. हे सगळं जुळलं तरच. यातलं एखादंच कमी असेल तर चर्चा होऊ शकते, पण रेघ तोंडाशी जोडलेली असेल, म्हणजे प्रोब तिथपर्यंत पोचत असेल, तर चर्चाही नाही, जंतू रोज आत जाणार आणि पोस्ट कितीही सुंदर बसवला तरी हरणार. मूळ उभं तडकलेलं असेल तर पोस्ट हा उपाय नाहीच, तो पाचर होतो.

इथे सीबीसीटी (दाताचा थ्रीडी स्कॅन) लागेल. साध्या एक्स-रेत रेघ मधोमध दिसते पण किरण समोरून जातात, आणि ही फ्रॅक्चर बहुतेक वेळा तिरकी असतात, ओठाकडे खोल आणि टाळूकडे मानेजवळ येणारी. म्हणजे एक्स-रेत "मध्ये" दिसणारी रेघ टाळूच्या बाजूने हिरडीच्या बरीच जवळ असू शकते, आणि सगळा निर्णय तिथेच फिरतो. छोट्या भागाचा स्कॅन सांगा, पूर्ण जबड्याचा नको.

इम्प्लांटबद्दल थोडक्यात. १९ व्या वर्षी मी समोरचा इम्प्लांट टाळतो. जबडा आणि शेजारचे दात अजून किंचित खाली सरकत असतात, इम्प्लांट हाडात घट्ट बसलेला असतो तो सरकत नाही, काही वर्षांनी तो दात आखूड दिसायला लागतो, हिरडीची रेघ वर राहते. काढायची वेळ आलीच तर आधी वरचा तुकडाच काढून, टोकाकडचा निरोगी तुकडा हाडात तसाच ठेवता येतो का ते विचारा, हाड टिकायला मदत होते, आणि तोवर मागून शेजारच्या दाताला चिकटवलेला खोटा दात, म्हणजे मेरीलँड ब्रिज, चालतो. पण दुखत नाही, पुळी नाही, अशा पिवळ्या दाताला काढायची घाई कशाला, ते मला तुमच्या वर्णनावरून तरी पटत नाही.

थोडक्यात परत सांगायचं तर आधी नस जिवंत आहे का ते ठरवा, मग रेघ टाळूकडून कुठे आहे ते बघा, मग चावा, आणि या तिन्हींनंतर पोस्ट लागलाच तर फायबर, पण तो कोरड्या कॅनलमध्ये आणि टोकाकडच्या तुकड्यात पुरेशा लांबीने.

एक राहिलं, कबड्डी. खेळू द्या, पण दाताच्या मापाचा माउथगार्ड घालून, दुकानातला पाण्यात उकळून चावायचा नाही, माप देऊन बनवलेला. आणि जुने एक्स-रे फेकू नका, मार लागल्या दिवसाचा आणि वायर काढल्यानंतरचा हे दोन्ही स्कॅनसोबत घेऊन जा, रेघेशेजारचं हाड आठ महिन्यांत बदललंय का हे त्या तिघांना शेजारी ठेवूनच कळेल. स्कॅन झाला की टाळूकडच्या बाजूने हाडाच्या कडेपासून रेघेपर्यंत किती मिलिमीटर आहे तेवढं इथे लिहा, मग नक्की काय करायचं त्यावर बोलू.